चोपण जमीन आणि कॉलेजातले रसायनशास्त्र



बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले. पुढे इंदापुरालाही कॉलेज झाले. अशा लहान गावच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक शिकवता शिकवता संशोधनही करतात. कुणाला नवे पदार्थ तयार करण्याची गोडी, कुणाला पाण्याच्या पृथक्करणाची. तुम्ही म्हणाल, आमच्या वावराशी याचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पण नीरेच्या खोऱ्यात हा संबंध फार जुना आहे, बरं का.

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. माळाला पाणी मिळाले, ऊस उभा राहिला. काही वर्षांनी सखल वावरांत मात्र पांढरे फुटू लागले. तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी ताम्हणे यांच्यासह या क्षारपड जमिनींचा अभ्यास करून १९१० साली पुस्तिका काढली. मॅन स्वतः रसायनशास्त्रज्ञच होते.

होते काय, की पाट सारखा चालला आणि निचरा नसला म्हणजे जमिनीखालचे पाणी वर चढते. येताना क्षार विरघळवून आणते. ऊन पाणी उडवून नेते, क्षार वर राहतात. ही झाली खारवट जमीन. निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने धुतली तर ती सुधारते. चोपण जमीन जास्त हट्टी. तिच्या चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. ओली झाली की माती फुगते, बारीक छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. तिथे जिप्सम घालतात. जिप्सममधल्या कॅल्शियमचा एक कण सोडियमच्या दोन कणांना उठवतो आणि त्यांच्या जागी बसतो. उठलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून बाहेर गेला पाहिजे. चर खणला नसेल तर जिप्समचा पैसा मातीतच गेला म्हणा!

आता एक चमत्कारिक गोष्ट. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी पुष्कळ असते, म्हणजे कॅल्शियम घरातच आहे. मग विकतचे जिप्सम कशाला? कारण चोपण जमिनीत चुनखडी जवळजवळ विरघळतच नाही. गंधक घातले तर मातीतले जिवाणू त्याचे आम्ल करतात, आणि ते आम्ल चुनखडी विरघळवते. मात्र याला वेळ लागतो. एखाद्या वावराला जिप्सम किती, गंधक किती, कारखान्याच्या प्रेसमडने काय साधते, हे माती तपासल्याशिवाय सांगता येत नाही. भवानीनगरच्या बाजूच्या एका वावराचा हिशेब शेजारच्या वावराला लागू पडेलच असे नाही. आमच्या मते जवळच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही.

शिक्षकांनी शाळेत एक प्रयोग करून पाहावा. दोन काचेच्या बरण्यांत पावसाचे पाणी घ्या. एकीत खारवट, दुसरीत चोपण माती टाकून हलवा आणि रात्रभर ठेवा. खारवट मातीवरचे पाणी बहुधा नितळ होते. चोपणाचे गढूळच राहते. त्या गढूळ बरणीत चमचाभर जिप्सम ढवळून पुन्हा रात्रभर ठेवा. गाळ खाली बसू लागलेला मुलांना डोळ्यांनी दिसेल.

कॉलेजात माती नेणाऱ्यांनी वरच्या फुटाची आणि खालच्या फुटाची वेगवेगळ्या पिशव्यांत न्यावी, पिशवीवर गट नंबर लिहावा, आणि विहिरीचे बाटलीभर पाणीही बरोबर घ्यावे.