निरीक्षण आणि अनुमान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू नक्की करतेस तरी काय?" असं सकाळपासून पाच जणांनी विचारलं. तर सांगते. मी निळ्या एलईडी दिव्याखाली रासायनिक अभिक्रिया घडवते आणि ती कोणत्या पायऱ्यांनी होते, ते शोधते.

बहुतेक सेंद्रिय रेणू दृश्य प्रकाश शोषत नाहीत. म्हणून आम्ही रुथेनियमचं एक नारिंगी संयुग चिमूटभर घालतो. ते निळा प्रकाश शोषतं आणि शेजारच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतं किंवा त्याच्याकडून घेतं. तेवढ्याने अभिक्रिया सुरू होते.

प्रश्न असा, की तयार होणाऱ्या प्रत्येक रेणूला नवा फोटॉन लागतो, की एका फोटॉनने सुरू झालेली साखळी आपोआप पुढे चालते? पीएच.डी.च्या वेळी मी दर दहा मिनिटांनी दिवा चालू-बंद करून पाहिलं. दिवा बंद की अभिक्रिया बंद! "साखळी नाही," असं मी प्रबंधाच्या मसुद्यात ठोकून दिलं.

2015 साली सिस्मेशिया आणि यून यांचा शोधनिबंध आला आणि माझं ते प्रकरण कोसळलं. दिवाळीत कोणी फटाके लावायचं थांबवलं, की आवाजही थांबतो. पण म्हणून तो सुटे फटाके लावत होता, की माळा, हे कसं कळणार? उदबत्ती किती वेळा टेकवली आणि आवाज किती झाले, हे मोजावं लागतं. त्यांनी तेच केलं. शोषलेले फोटॉन आणि तयार झालेले रेणू मोजले. मॅकमिलन यांच्या 2008 मधल्या गाजलेल्या अभिक्रियेत एका फोटॉनमागे 18 रेणू निघाले! साखळी होती. फक्त दिवा विझल्यावर ती इतक्या लवकर संपायची, की दहा मिनिटांच्या मोजणीत दिसायचीच नाही.

मग मीही मोजलं. माझ्याकडेही एकापेक्षा जास्तच आले. सहा महिने खर्चून प्रकरण पुन्हा लिहिलं.

तेव्हा मला आपली आठवीची प्रयोगवही आठवली. कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाच्या जागी अनुमान लिहिलं म्हणून बाईंनी माझी वही परत केली होती. "दिसलं ते इथे लिही, वाटलं ते तिथे," म्हणाल्या होत्या. मी दोन दिवस रुसले होते. "दिवा बंद, अभिक्रिया बंद" हे निरीक्षण होतं. "साखळी नाही" हे माझं अनुमान.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, वही पुन्हा लिहून आणली आहे. तपासाल ना?