पावसाळ्यात जुनी होडी घेताना
(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेतील भाषण)



आज खरं तर मी हिशोबवह्यांवर बोलणार होते. पण खाडीकाठच्या दोन गटांचे अर्ज आलेत, दोन्ही जुनी होडी घेण्यासाठी. एका गटाला कांदळवनात पर्यटक फिरवायचेत, वेंगुर्ल्याच्या स्वामिनी गटाने मांडवी खाडीत केलं तसं. दुसऱ्या गटाला कालवं आणि तिसऱ्या काढायला स्वतःची होडी हवीय, कारण भाड्याच्या होडीत अर्धी कमाई जाते. दोन्ही गटांना जूनमध्येच घ्यायची आहे. म्हणून वह्या पुढच्या महिन्यात.

जूनच का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते. होड्या वर ओढतात, झापांनी शाकारतात. मालकाची कमाई थांबलेली, वर मुलांची फी, जाळ्यांचा खर्च. ज्याला विकायची असते तो तेव्हा ऐकून घेतो. नारळी पौर्णिमा जवळ आली की तोच माणूस भाव धरतो. थंड देशांत तळी गोठतात, तिथे हिवाळ्यात होड्या अशाच बाहेर काढून झाकून ठेवतात, आणि जुनी होडी स्वस्तात हवी असणारे तेव्हाच फिरतात. आपल्याकडे ते काम पाऊस करतो, एवढाच फरक.

पण होडी स्वस्त मिळते त्याचं दुसरं कारण असं की ती पाण्यात घालून बघता येत नाही. इथेच माझी चूक झाली होती, ती सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका गटाने जूनमध्ये फायबरची होडी मशीनसकट घेतली. मालक 1,40,000 म्हणत होता, 1,10,000 ला तुटलं. मी सोबत होते. मी घाटावरची, मला होडीत बसायचं तेवढं माहीत. ताजा निळा रंग बघून मीच म्हटलं, चांगली मिळतेय, घेऊन टाका. सप्टेंबरात खाडीच्या तोंडाशी मागचा फळा मशीनसकट हलायला लागला. वरून फायबर चकचकीत, आतलं प्लायवूड कुजून भुसा झालेलं. काठ जवळ होता म्हणून सगळ्या सुखरूप आल्या. दुरुस्तीला 28,000 गेले, पाच महिने हप्ते थकले आणि दोन ताई गट सोडून गेल्या. त्यातली एक आजही रस्त्यात भेटली की माझ्याशी बोलत नाही. एक काकी तेव्हा म्हणाल्या होत्या, "रंग नव्या लुगड्यासारखो, आत काय आसा ता कोण बघता?"

त्यानंतर मी होडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे जाऊन बसले. त्यांनी दाखवलं ते असं. फायबरवर नाण्याने ठोकत जायचं. टणक, कोरडा आवाज आला तर बरं. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय. मशीन लावतात त्या मागच्या फळ्यावर हे सगळ्यात आधी करायचं, आणि मशीन धरून जोर लावून हलवून बघायचं. फळा दबला की तिथूनच परत फिरायचं. होडी वर ओढलेली असल्याचा एक फायदा आहे, तिचं पोट दिसतं. पाण्यात असताना ते कुणी दाखवत नाही. आत चार-पाच बादल्या पाणी ओतून खाली वाकून बघायचं, कुठून ठिपकतं का. ताजा रंग फक्त एकाच जागी मारलेला असेल तर विचारायचं, इथे काय झालं होतं?

लाकडी होडी असेल तर फळ्यांच्या सांध्यांत आणि तळाला टोकदार खिळा टोचून बघायचा. खिळा लोण्यासारखा आत गेला तर लाकूड गेलंय.

मशीनसाठी समुद्र लागत नाही. पाण्याने भरलेलं पिंप आणा, मशीनचं खालचं टोक त्यात बुडवून चालू करायला सांगा. मशीनमधून पाण्याची धार बारीक पण सारखी बाहेर पडली पाहिजे. धार नसेल तर मशीन थंड होत नाही, जळणार. मग बंद करून खालचं गिअरचं तेल थोडं काढायला लावा. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. मालक म्हणेल, "आता कशाला, ऑगस्टात बघा." अशा मालकाकडून मशीन घेऊ नका, नुसती होडी घ्या.

आता कागद. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्यांकडे विचारायचं. मालक वारलेला असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, एकट्या थोरल्या मुलाची चालणार नाही. बँकेचं किंवा मच्छीमार सोसायटीचं कर्ज बाकी नसल्याचा दाखला घ्यायचा. मशीनवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आणि पर्यटकवाल्या गटाने नीट ऐका: मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी बसवता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे वेगळी नोंदणी आणि तपासणी लागते, माणशी लाइफ जॅकेट लागतं. हा खर्च तुमच्या अर्जात कुठेच नाही. तो धरून आकडा पुन्हा काढा, मगच ठराव लिहू.

पैसे एकदम द्यायचे नाहीत. विसार द्या, स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की उरलेली रक्कम ऑगस्टात होडी पाण्यात चालवून बघितल्यावर. मालकाला गरज आहे हे खरं, त्याला लुबाडायचं नाही. पण आपल्या शंभर-शंभर रुपयांच्या बचतीचे हे पैसे आहेत, आणि तोही रोख मिळतेय म्हणून थोडं थांबतो, असा माझा अनुभव आहे.

येत्या गुरुवारी सकाळी नऊला दोन होड्या बघायला जातोय. मिस्त्री येणार आहेत, त्यांचे पाचशे रुपये दोन्ही गटांनी निम्मे-निम्मे द्यायचे. प्रत्येक गटातून तिघी या. त्यात एक तरी अशी हवी जिला दर ठरवताना "नको" म्हणता येतं. बॅटरी, खिळा, दोन बादल्या आणि नाणं घेऊन या. पिंपाचं मी बघते.