मुंबई ते लंडन: प्रवास नक्की किती तासांचा?

लंडनला मुलाकडे किंवा मुलीकडे निघालेल्या आईवडिलांच्या हाती तिकीट आले, की पहिला प्रश्न ठरलेला: विमानात किती तास बसायचे?

समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून पहाटे ५ वाजता सुटते आणि लंडनला सकाळी १० वाजता उतरते. म्हणजे ५ तास? नाही. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची लंडनची. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ साडेपाच तास मागे असते, म्हणून ते मिळवायचे. प्रवास होतो साडेदहा तासांचा. परतीचे विमान रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत येत असेल, तर साडेचौदातून साडेपाच वजा करायचे. उरतात ९ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र हा फरक साडेचारच तासांचा धरावा.

जाताना वेळ जास्त लागतो तो वाऱ्यामुळे. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ‘जेट स्ट्रीम’ नावाचा वेगवान वारा वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. हवेत ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा लागला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० वर येतो. परतताना तोच वारा पाठीशी असला तर १००० होतो.

मार्गाचेही तसेच आहे. या दोन शहरांमधले सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ती रेषा पाकिस्तान आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना मनाई केली. वळसा पडला की अंतर वाढते, वेळही वाढतो. म्हणून जुन्या प्रवासाच्या आठवणीवर न विसंबता निघण्याच्या दोन दिवस आधी वेळापत्रक पुन्हा पाहावे.

८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले होते. आज थेट विमान असते, पण थांबा नसल्यामुळे प्रवासी सलग नऊ-दहा तास एकाच आसनावर अडकतो. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो तो इथेच. दर तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे.

मधुमेहींनी इन्सुलिन आणि गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. हिवाळ्यात लंडनला जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, परतताना तेवढाच आखडतो. प्रवासाचे खरे तास कागदावर मांडून तो कागद निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावा आणि डोस कधी, किती घ्यायचा हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.