अकरा वेळा निवडून आलेले आमदार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



समितीने मला सांगितलं, "काका, वीस मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या. फक्त राजकारण नको." आणि मी नेमका एका आमदाराचा विषय घेऊन आलो आहे. पण काळजी करू नका, आज कोणत्याही पक्षाचा प्रचार होणार नाही. ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते गृहस्थ आता हयात नाहीत, आणि त्यांचा मतदारसंघही आपल्यापासून लांब आहे. माझा आवडीचा विषय त्यांच्या निवडणुकांचा हिशेब हा आहे. आयुष्यभर बँकेत जमा-खर्च बघितले, ती सवय जात नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूर गावचा. शिक्षणाने वकील. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे आपला शेकाप. १९६२ साली, महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती तेव्हा, ते पहिल्यांदा विधानसभेत गेले. शेवटची निवडणूक जिंकली २०१४ साली, उतारवयात, सुमारे २५ हजार मतांनी. एकच पक्ष, एकच मतदारसंघ, आणि एकूण अकरा विजय.

ते अकरा सांगतो : १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. देशात याहून जास्त वेळा निवडून आलेले आमदार आहेत. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, तमिळनाडूत करुणानिधीही तेरा वेळा आले. तेव्हा उगाच जागतिक विक्रम वगैरे म्हणायला नको. पण करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून आणि मोठ्या पक्षाचे नेते म्हणून निवडून आले. गणपतरावांच्या मागे तसा मोठा पक्ष नव्हता. १९६२ ला विधानसभेत शेकापचे १५ आमदार होते, २०१४ ला ३ उरले. म्हणजे पक्ष आटत गेला आणि हा माणूस मात्र निवडून येत राहिला.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सत्तेतली पदं मिळाली असतील, म्हणून लोक मत देत असतील. तर तेही बघू. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात ते मंत्री होते. ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं. मग १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढून घेतला आणि तेही संपलं. पन्नासहून अधिक वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद चार-साडेचार वर्षांचं. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर.

आता तालुका कसा, तेही सांगायला हवं. सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा, माण हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. माणगंगा नावाला नदी, वर्षातला बराच काळ कोरडी. अशा ठिकाणी आमदाराकडे मागणी एकच असते : पाणी. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात आकाराला आली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, त्यात अशाच तालुक्यांचं दुःख होतं. नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर गणपतरावांनी आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली, आणि ती वर्षानुवर्षं भरत राहिली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी पंपाने उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणायचं, ही ती योजना. पंप म्हटले की वीजबिल आलं. ते कोणी भरायचं यावर खूप वर्षं भांडण झालं. अखेर ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचं असं सूत्र ठरलं. आपल्याकडे टँकरच्या बिलाची वाटणी करताना दोन सभा लागल्या होत्या, त्यावरून अंदाज करा.

दुसरं काम सूतगिरणीचं. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात ऐंशीच्या दशकात सहकारी सूतगिरणी उभी करायची, हे कागदावर बघितलं तर कोणताही बँकवाला डोकं हलवेल. मीही हलवलं असतं. सहकारी सूतगिरण्यांची थकलेली खाती आम्ही लोकांनी पुष्कळ बघितली आहेत. राज्यातल्या कितीतरी गिरण्या आजारी पडल्या, बंद झाल्या. सांगोल्याची चालली. याचं कारण मला तरी साधं दिसतं : काटकसर, आणि संस्थेच्या पैशाला हात न लावणारी माणसं. स्वतः गणपतराव एसटीने प्रवास करणारे आमदार म्हणूनच ओळखले जायचे.

हे झालं जमेच्या बाजूचं. आता खर्चाची बाजू, म्हणजे ते दोनदा हरले ती गोष्ट. मला त्यांच्या अकरा विजयांपेक्षा हे दोन पराभव जास्त महत्त्वाचे वाटतात.

पहिला १९७२ साली. दुसरा १९९५ साली, काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून. होय, तेच 'झाडी-डोंगर'वाले शहाजीबापू, २०२२ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालेले. १९९५ चा फरक किती? फक्त १९२ मतं. तेव्हा यंत्रं नव्हती, कागदी मतपत्रिका होत्या. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला की मत बाद. गठ्ठे बांधायचे, मोजायचे, शंका आली की परत मोजायचे. रोकड मोजलेल्या माणसाला विचारा, १९२ चा फरक म्हणजे काय ते! राज्यात त्या वर्षी सुमारे ७२ टक्के मतदान झालं होतं, तेवढं त्यानंतर आजपर्यंत झालेलं नाही. लोक एवढ्या संख्येने बाहेर पडले आणि तेहतीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा निवडून दिलेल्या माणसाला त्यांनी १९२ मतांनी घरी बसवलं.

पण गणपतराव घरी बसले नाहीत. साठी उलटलेली. त्या वयात आपण निवृत्तीवेतनाचा फॉर्म भरून फिरायला जाऊ लागतो. आमदारकी गेली तरी पाण्याचं काम आणि गिरणीचं काम सुरू राहिलं, आणि १९९९ ला त्याच मतदारांनी त्यांना परत पाठवलं. पुढे लागोपाठ चार वेळा.

मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. एकाच माणसाने इतकी वर्षं खुर्चीवर राहणं चांगलं का? प्रश्न रास्त आहे. नवीन माणसाला वाव मिळत नाही, पक्षात दुसरी फळी तयार होत नाही. शेकापच्या बाबतीत ते काही प्रमाणात झालंही असेल. पण खुर्ची कायमची त्यांच्या नावावर नव्हती, हेही खरं. लोकांनी दोनदा काढून घेतली. आणि पुढचं बघा. २०१९ ला वयामुळे ते उभे राहिले नाहीत, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. आजोबांची एवढी पुण्याई, तरी ७६८ मतांनी हरले, जिंकले परत शहाजीबापूच. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि सुमारे २५ हजार मतांनी जिंकले. घराण्याचं नाव उपयोगी पडत असेल, नाही असं नाही. पण मतं वारसा हक्काने नातवाच्या खात्यात आपोआप जमा होत नाहीत, हे सांगोल्याच्या मतदाराने पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी दाखवलं.

आता हे सगळं मी इथे का सांगतो आहे? आपल्या इमारतीतली मतदार यादी काढली तर दोनशेच्या आसपास नावं होतील. म्हणजे १९९५ चा सांगोल्याचा निकाल आपल्या दोन विंगनी फिरवला असता. आणि आपण काय करतो? वार्षिक सर्वसाधारण सभेला गणपूर्तीसाठी वीस माणसं लागतात, ती जमत नाहीत. अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवायची आणि बारा-तेरा जणांनी सगळ्यांच्या पैशाचा ताळेबंद मंजूर करायचा, ही आपली रीत झाली आहे. व्यवस्थापन समितीच्या अकरा जागांसाठी गेल्या वेळी अकराच अर्ज आले, तेही घरोघरी जाऊन हातापाया पडल्यावर. त्याला आपण कौतुकाने 'बिनविरोध' म्हटलं. त्याआधी एकदा खरी निवडणूक झाली होती. तेव्हा जे हरले, त्यांतले दोघे पुन्हा कधी सभेला आले नाहीत. त्यांचा सल्ला आज लिफ्टच्या कंत्राटात आणि गच्चीच्या गळतीत किती उपयोगी पडला असता!

येत्या काही वर्षांत पुनर्विकासाचा विषय आपल्या दारात येणार आहे. पंचवीस वर्षांतला सगळ्यात मोठा व्यवहार. तो बारा-तेरा जणांच्या सभेत ठरू नये, एवढंच माझं म्हणणं. म्हणून समितीची निवडणूक जाहीर होईल तेव्हा पंधरा-वीस अर्ज येऊ द्या. तरुणांनी भरा, भगिनींनी राखीव जागांपुरतं थांबू नका. मतदान होऊ द्या, कुणीतरी हरू द्या. आणि जो हरेल त्याने पुढच्या सभेला पहिल्या रांगेत बसून हिशेब विचारावा. जो जिंकेल त्याने तो न चिडता द्यावा.

संस्थेला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि थांबतो. वीस मिनिटांची बावीस झाली, ती गोड मानून घ्या.