पंचांचा पंच कोण?



हमालांच्या संघटनेत ज्याचे आयुष्य गेले त्याने कुस्तीवर काय बोलावे, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. डावपेच मला फारसे कळत नाहीत. परंतु निवाडा देणाऱ्याचा निवाडा कोणी करायचा, या प्रश्नाशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. आणि तोच प्रश्न हल्ली कुस्तीच्या आखाड्यात उभा राहिला आहे.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या अखेरच्या कुस्त्या झाल्या. गादी गटाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे समोरासमोर होते. शिवराज काही नवखा नव्हे. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला केसरीची गदा उचललेला मल्ल. पंचांनी त्याला चितपट दिले. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रण पाहा, असे तो म्हणाला. ती मागणी मान्य झाली नाही. मग त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच संध्याकाळी शेवटच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणावरून हुज्जत घालून थोडेच सेकंद उरले असता आखाडा सोडून गेला. पृथ्वीराज केसरी झाला. शिवराज व महेंद्र या दोघांवर लगोलग तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचे समर्थन मी करणार नाही. गेटवर सुपरवायझरच्या कानफटीत मारणारा कामगार आपली खरी बाजूदेखील हरून बसतो. पगाराचा प्रश्न राहतो बाजूला आणि चौकशी चालते ती कानफटीची. अशा किती पोरांना मी हात आवरायला शिकवले असेल! शिक्षा व्हायलाच हवी होती.

परंतु पुढची हकीकत ऐका. या निर्णयाची चौकशी करायला समिती बसली. पंचांचा निर्णय चुकला होता, असे तिने ठरवले आणि त्या पंचांवरही तीन वर्षांची बंदी आली. म्हणजे पोरगा ओरडून जे सांगत होता ते खरे निघाले; पण केव्हा, तर गदा वाटून झाल्यावर, मांडव उतरल्यावर. यात पृथ्वीराजचा काडीचा दोष नाही. पंचांनी आपल्या बाजूने कौल दिला असता तो नाकारावा, अशी अपेक्षा कोणत्याच मल्लाकडून करू नये. मला विचारायचे आहे ते इतकेच, की जे चित्रण पाहून समितीने निवाडा दिला ते त्या रात्री पाच मिनिटे थांबून पाहायला काय हरकत होती?

आपल्या मोंढ्यातला रिवाज पाहा. हळदीचे पोते काट्यावर चढते तेव्हा मापाडी बाजार समितीच्या परवान्याचा माणूस असतो. शेतकरी एका अंगाला, आडत्या दुसऱ्या अंगाला, हमाल पाठीशी. काटा सगळ्यांना दिसतो. शेतकऱ्याला शंका आली तर तेच पोते तिथेच पुन्हा चढते. फेरवजन मागणे हा मापाड्याचा अपमान आहे असे कोणी म्हणत नाही. उलट ज्या मापाड्याचे फेरवजन बरोबर निघते त्याची पत वाढते.

जत्रेतल्या फडावर पूर्वी हेच होते. पाठ लागली की नाही, हे हलगीवाल्यापासून सगळ्यांना दिसे. निकाल लागेना तर कुस्ती बरोबरीत सोडवत. पंच म्हणजे गावातलाच जुना वस्ताद. चुकला तर आठवडी बाजारात लोक त्याला गाठून जाब विचारीत. गुणांची कुस्ती आली आणि हे बदलले. दोन गुण की चार, हे लांबून कळत नाही. २०२३ च्या जानेवारीतच माती गटात सिकंदर शेखविरुद्ध महेंद्रला बाहेरच्या टांगेवर चार गुण दिले गेले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. पंचाला फोनवर धमकी देण्यापर्यंत मजल गेली, तीही निंद्यच. सिकंदर हा मोहोळच्या एका हमालाचा मुलगा. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला तो केसरी झाला, म्हणून लोक ती गोष्ट विसरले. बापाने पाठीवर पोती वाहून ज्याचा खुराक पुरवला त्याला दुसरी संधी मिळाली नसती, तर त्या दोन गुणांचा हिशेब कोणी दिला असता?

आंतरराष्ट्रीय कुस्तीत यावर तोड काढलेली आहे. गुण पटला नाही तर मल्लाच्या बाजूने आव्हान देता येते. चित्रण पाहिले जाते. आव्हान फुकट गेले तर प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. खोट्या तक्रारीला किंमत लावली, खऱ्या तक्रारीला दार ठेवले. चितपटीच्या बाबतीत नियमाचा कीस काढायचा तितका काढा. शंका राहिली असता पोते पुन्हा काट्यावर चढवावे, एवढे तरी मान्य व्हावे.

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे समजू नका. अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीचा मोठा धंदा चालतो. २०२१ च्या मार्चमध्ये नॅशव्हिल आणि डेट्रॉइट यांच्या सामन्यात टिम पील नावाच्या पंचाचा ध्वनिक्षेपक चालू राहिला, आणि नॅशव्हिलविरुद्ध लवकर एक शिक्षा द्यावी असे आपल्या मनात होते, हे त्याचे बोलणे लोकांनी ऐकले. दुसऱ्या दिवशी लीगने जाहीर केले की याला पुन्हा सामना देणार नाही. गृहस्थ महिन्याभरात निवृत्त व्हायचाच होता! इकडे एक दिली म्हणून तिकडे एक द्यायची, हा प्रकार तिथल्या प्रेक्षकांना काही नवा नव्हता. पील सापडला तो बोलणे ऐकू गेले म्हणून. सकाळी एकाचे दोन किलो कापले म्हणून दुपारी दुसऱ्याचे कापणाऱ्या मापाड्याला आपण समतोल म्हणू काय? जाता जाता सांगतो, तिथल्या पंचांची स्वतःची युनियन आहे आणि १९९३ च्या नोव्हेंबरात त्यांनी संपही केला होता. ते वाचून मला बरे वाटले. तेवढा पक्षपात मला माफ करा.

कारण पंच हाही राबणारा माणूस आहे. सारे खापर त्याच्या डोक्यावर फोडून मोकळे होणे मालकांना सोयीचे असते. त्याला नेमले कोणी, फेरतपासणी नाकारायची हे धोरण कोणाचे, याची विचारपूस व्हायला नको काय? कामगाराला काढायचे तर आधी आरोपपत्र द्यावे, त्याचे म्हणणे ऐकावे, हे आम्ही भांडून मिळवले. १९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ घातले गेले आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जड असेल तर ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. मल्लाला आणि पंचाला असे न्यायालय कुठे आहे?

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण ऐकली असेल. १९५२ साली हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबर दमछाक करणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले. मधे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण तसे सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या अधिकाऱ्यांना कोणी काही विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आज तर दाद मागायची कुठे, हाच घोळ आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुस्तीगीर संघाचा केसरी पृथ्वीराज मोहोळ. मार्चमध्ये कर्जतला कुस्तीगीर परिषदेचा केसरी वेताळ शेळके. एका वर्षात दोन संस्था, दोन गदा. कुस्ती लावणारे तेच, पंच नेमणारे तेच, चौकशी करणारेही तेच. माझी सूचना अशी आहे की दोन्ही संस्थांबाहेरचे तीन जणांचे मंडळ असावे: एक जुना मल्ल, एक निवृत्त न्यायाधीश, एक पंचांनी निवडलेला पंच. वादग्रस्त कुस्तीचा निर्णय त्याने दुसरी कुस्ती लागण्यापूर्वी द्यावा, कारणे लिहून द्यावीत, आणि तो कागद, पंचाच्या म्हणण्यासह, दुसऱ्या दिवशी प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लागावा.