सुरतेच्या कबरी आणि कृष्णधवल छायाचित्र



आजचा विषय कळविला तेव्हा दफनभूमी हा शाळेच्या व्यासपीठाला शोभणारा विषय आहे काय, असा प्रश्न कार्यवाहांनी मला विचारला. प्रश्न रास्त होता. बडोद्याच्या मराठी घरांत सुरत म्हटली की शिवछत्रपतींची स्वारी आठवते, आणि गेल्या पिढ्यांना जरीकाठाची खरेदी. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रज, वलंदेज आणि आर्मेनियन लोकांच्या जुन्या दफनभूमी आहेत, त्या पाहायला मात्र आपल्यापैकी फारसे कोणी जात नाही. गेली अनेक वर्षे मी तेथे कॅमेरा घेऊन जातो आणि बहुतेक कृष्णधवल चित्रे घेतो. ती कशासाठी आणि कशी घेतो, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम तेथे कोण निजले आहे ते पाहू. इंग्रजांच्या दफनभूमीतील सर्वांत मोठी वास्तू ऑक्झेंडन बंधूंची. धाकटा ख्रिस्तोफर 1659 साली वारला. थोरला सर जॉर्ज सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष. जानेवारी 1664 मध्ये महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि जॉर्ज ऑक्झेंडनने मूठभर माणसांनिशी वखार राखली. 1668 साली मुंबई कंपनीच्या ताब्यात आली, तिचा कंपनीच्या वतीने पहिला गव्हर्नरही तोच; पुढच्याच वर्षी तो सुरतेत मरण पावला. 1674 साली रायगडावर राज्याभिषेकास वकील म्हणून हजर असलेला हेन्री ऑक्झेंडन आपण शालेय पुस्तकांतून ओळखतो, तो याच घराण्यातला. आपल्या इतिहासाचे असे काही धागे परक्यांच्या थडग्यांत अडकलेले आहेत.

कबर म्हटली म्हणजे एक शिळा आणि एक क्रॉस असे चित्र डोळ्यांपुढे येते. सुरतेत तसे नाही. या व्यापाऱ्यांनी मुसलमान अमीर-उमरावांचे मकबरे पाहिले आणि आपल्या मृतांसाठी तसेच घुमट, खांब, सज्जे उभारले. ऑक्झेंडनांची वास्तू दुमजली आहे. वरचा घुमट भरीव नसून क्रॉसच्या आकाराचा, कमानींचा नुसता सांगाडा आहे. त्यातून आकाश दिसते. ख्रिस्तोफरचा मृत्युलेख वाचताना मला दर वेळी नवल वाटते. मृत्यूने हिशेब मागितला तेव्हा त्याच्या वहीत वर्षांऐवजी दिवसच जमा होते, अशा आशयाची कल्पना त्यात आहे. वखारीतल्या माणसाला हिशेबाच्या वहीपलीकडे उपमा सुचली नाही, की तीच सर्वांत खरी वाटली, कोण जाणे.

आता कृष्णधवल का? स्मशानाला काळापांढरा रंग शोभतो, उदासी येते, जुनेपणा येतो, असे पुष्कळजण म्हणतात. मला हे कारण पटत नाही. उदासीचे चित्र एकदा पाहिले की संपते. मला चित्र वाचता यावयास हवे असते. या वास्तू विटा आणि चुन्याच्या आहेत. त्यांचे सारे सौंदर्य गिलाव्यावरच्या उठावात, कमानीच्या कंगोऱ्यात, खांबाच्या पायथ्याशी असते. रंगीत चित्रात समोरचे गवत, मागच्या इमारतीचा निळा रंग, वाळत घातलेली लाल चादर आधी डोळ्यांत भरते. रंग गेला की उठाव बोलू लागतो. परंतु हा काही सार्वत्रिक नियम नव्हे. आपल्याच गावात सयाजीराव महाराजांनी 1936 साली बांधलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. ती कृष्णधवलात घेणे हा शुद्ध अपराध होय.

या पद्धतीची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. पावसाळ्यात चुन्यावर शेवाळे धरते आणि वाळल्यावर काळे पडते. कृष्णधवल चित्रात हा डाग आणि सावली सारखीच दिसते, आणि पाहणाऱ्याला तेथे खोबण असल्याचा भास होतो. उपाय सोपा आहे. तीच चौकट, तिपाई न हलवता, दोन-तीन तासांच्या अंतराने पुन्हा घ्यावी. सावली सरकते, डाग सरकत नाही.

पांढरा घुमट भर उन्हात मोजला तर कॅमेऱ्याचे मीटर त्याला राखाडी करू पाहते. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा दीड-दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. आकाश गडद करण्यासाठी लाल फिल्टर लावण्याची नवशिक्यांना हौस असते. चित्र नाट्यमय होते खरे, पण सज्ज्याखालच्या सावलीत जो काही उजेड असतो तो बहुतांशी निळ्या आकाशाचा. लाल काच तो अडविते आणि आतला तपशील शाईत बुडतो. मी पिवळ्यावर, फार तर नारिंगीवर थांबतो.

सर्वांत अधिक वेळ जातो तो लेखांवर. झिजलेली अक्षरे समोरच्या प्रकाशात दिसतच नाहीत. प्रकाश शिळेला घासून गेला पाहिजे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सावलीची कड येते. जमिनीवर आडव्या पडलेल्या शिळेसाठी सूर्योदयानंतरचा अर्धा तास उत्तम. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या शिळेसाठी मात्र, भर दुपारी फोटो काढू नये हा नियम विसरावा. एप्रिलच्या मध्यावर सुरतेत बारा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास सूर्य माथ्यावर असतो आणि त्याची तिरीप दक्षिण भिंतीवरून जवळजवळ सरळ खाली उतरते. ती दहा-पंधरा मिनिटे साधली तर जे महिनोन्महिने वाचता आले नाही ते वाचता येते. उत्तरेकडच्या शिळेवर ऊन येते ते उन्हाळ्यातच, आणि पावसाळा सुरू झाला की ढग ते हिरावून घेतात. म्हणजे वर्षाकाठी चार-सहा आठवडे हाती येतात. आतल्या अंधाऱ्या दालनात दाराशी आरसा धरून ऊन बाजूने शिळेवर पाडावे. या कामाला घरातला साधा आरसा आणि एक धीराचा सोबती पुरतो. अक्षरे उठावीत म्हणून खडू घासणे, तेल चोळणे, तेजाबाने धुणे ही कामे कोणी केली तर त्याच्या हातून कॅमेरा काढून घ्यावा.

हे सारे करायचे कारण असे की पुष्कळ कबरींवर आता शिळाच नाहीत. भिंतीत चौकोनी खाच उरली आहे, नाव गेले आहे. वास्तू कितीही भव्य असो, शिळा गेली की ती कोणाचीच राहत नाही.

वलंदेजांच्या बाजूला हेंड्रिक फान रेदे याची अष्टकोनी, दुमजली कबर आहे. इंग्रजांवर मात करण्याच्या ईर्ष्येने ती बांधली, असे सांगतात. हा मलबारचा वलंदेज अंमलदार. 1691 च्या डिसेंबरात सुरतेकडे येताना जहाजावरच वारला. त्याने केरळातील वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी त्यास साहाय्य केले. त्यांचे प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, देवनागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या देवनागरीच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी तो एक. सुरतेच्या गर्दीत उभ्या असलेल्या त्या घुमटाखालच्या माणसाशी आपल्या लिपीचे हे नाते आहे.

ज्यांच्यावर महाराज चालून गेले त्यांच्या कबरी आपण का जपाव्यात, असा आक्षेप मी ऐकला आहे. माझे उत्तर साधे आहे. वखार कशी राखली गेली हे ज्याला समजत नाही, त्याला स्वारीही समजत नाही. शिवाय हे कागद नव्हेत; यांची नक्कल करून ठेवता येत नाही. या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, पण संरक्षण म्हणजे अमरत्व नव्हे. फटीत रुजलेला पिंपळ भिंत फोडतो. जुन्या चुन्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि क्षार चुना खाऊन टाकतात. दुरुस्ती करणाऱ्याला पूर्वी कंगोरा कसा होता हे कळायचे असेल, तर चांगले चित्र हाच आधार असतो.

त्यासाठी चित्र टिकले पाहिजे. मी उटीच्या कारखान्यातल्या ‘इंदू’ रोलवर शिकलो. तो कारखाना आता बंद पडला आहे. हायपो नीट धुतला नसेल तर प्रिंट काही वर्षांत पिवळा पडतो, म्हणून धुण्यात कंजुषी करू नये. डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्या तरुणांनी मूळ चित्र रंगीतच साठवावे आणि रंग नंतर काढावा. फिल्टरचे काम मग संगणकावर करता येते. प्रत्येक चित्रामागे वास्तूचे नाव, दिशा, तारीख, वेळ आणि शिळेवरचा वाचलेला मजकूर लिहावा, आणि न वाचलेल्या अक्षरांच्या जागी अंदाज न लिहिता टिंबे द्यावीत. माझ्या प्रिंटांचा एक संच शाळेच्या ग्रंथालयात ठेवला आहे. मागची टिंबे कोणी भरून काढली तर आनंदच आहे.

आता दिवे मालवावेत. पहिले चित्र ऑक्झेंडनांच्या कबरीचे, पूर्वेकडून, सकाळी साडेसातचे.