घराचे अंगण : शिशूची पहिली पाठशाळा
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील व्याख्यान)



पन्नास वर्षे हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील गौरवाचा टप्पा होय. गेल्या पिढीने केलेल्या कार्याचे स्मरण आज सर्व वक्ते करीत आहेत आणि ते योग्यच आहे. तथापि ट्रस्टचा शतकमहोत्सव ज्या दिवशी साजरा होईल, त्या दिवशी या व्यासपीठावर कोण बसलेले असेल, याचाही विचार आज व्हावयास हवा. ती माणसे आज तीन-चार वर्षांची आहेत. काही याच सभागृहात आईच्या मांडीवर झोपली आहेत, काही मागच्या बाजूस धावाधाव करीत आहेत. त्यांचे शिक्षण कसे चालले आहे, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सुखवस्तू कुटुंबांतील चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. तिसऱ्या वर्षी पाठीवर दप्तर, चौथ्या वर्षी गृहपाठ, पाचव्या वर्षी शिकवणी. बालक सकाळी अर्धवट झोपेत रिक्षात बसते आणि सायंकाळी हाती मोबाईल घेऊन जेवते. घरात आजी-आजोबा असतात. परंतु त्यांच्याकडे नातवाला देण्यासारखे काही आहे, असे कोणास वाटत नाही. हळूहळू त्यांनाही तसे वाटेनासे होते. यात हानी दोघांची होते, बालकाची आणि वृद्धांचीही.

पित्याच्या मांडीवरील पहिला पाठ

जैन परंपरेत शिक्षणाचा आरंभ कोठे झाला? आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात त्याचे सुंदर वर्णन आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या दोन्ही कन्यांना मांडीवर बसवून घेतले. एकीला लिपी दिली, दुसरीला अंक दिले. पहिला वर्ग भरला तो घरात, पहिला शिक्षक होता पिता आणि पहिल्या विद्यार्थिनी होत्या मुली. त्याच ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे समाजास शिकविली. या सहांत लेखणी आणि विद्या आहे, तसे शेत, बाजार आणि हाताचे कौशल्यही आहे. आजच्या शिशुशिक्षणात लेखणी तेवढी उरली आणि बाकीचे गळून पडले.

एका वकील पित्याचा शोध

आधुनिक काळातही बालशिक्षणाची एक मोठी चळवळ घरातूनच उगवली. सौराष्ट्रातील गिजुभाई बधेका (1885-1939) हे व्यवसायाने वकील होते. 1913 साली त्यांना पुत्र झाला आणि या मुलास कसे शिकवावे, या चिंतेतून त्यांनी शोध सुरू केला. त्या शोधात त्यांच्या हाती मादाम माँटेसरींचे विचार आले. माँटेसरींनी 1907 साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले होते. गिजुभाईंनी वकिली सोडली आणि 1920 साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. एका पित्याच्या घरगुती प्रश्नातून हे सारे उभे राहिले.

या कार्यात त्यांना साथ लाभली ती ताराबाई मोडक यांची (1892-1973). 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले आणि 1945 साली त्या बोर्डी या खेड्यात गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ (1910-1992) येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, असे ज्यांचे बालपण संपले, त्या अनुताईंनी सहस्रावधी बालकांचे बालपण फुलविले. 1957 साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. तो प्रदेश आज पालघर जिल्ह्यात आहे.

आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तेथे रुजली. माँटेसरींची महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची? मग बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, फुले हीच साधने झाली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. ताराबाईंना पद्मभूषण (1962) आणि अनुताईंना पद्मश्री (1985) मिळाली. पण त्यांचा खरा सन्मान म्हणजे त्यांची रीत आपापल्या घरी आचरणात आणणे हा होय.

घरशाळा म्हणजे काय?

घरशाळा म्हणजे शाळेशी वैर नव्हे. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचा वयोगट 6 ते 14 वर्षे आहे. घरी शिकविण्याविषयी या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. काही पालक पुढील वर्षांतही मुलांना घरीच शिकवून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षा देवितात. परंतु तो मार्ग पूर्ण माहिती घेऊन आणि पूर्ण वेळ देऊनच स्वीकारावा. सहा वर्षांपर्यंत मात्र पालकांना मोठे स्वातंत्र्य आहे. त्यानंतरही रविवार आणि सुट्ट्या घराच्याच असतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही 3 ते 8 हा वयोगट पायाभूत मानून खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे.

या वयात शिकविण्याची सोपी रीत म्हणजे एक विषय घ्यावा आणि दोन-चार आठवडे त्याच्याच अवतीभवती फिरावे. भाषा, गणित, विज्ञान, धर्म यांच्या वेगळ्या वह्या करू नयेत. विषय एक असला की हे सारे त्यातच येते.

पाणी हा विषय घ्या. जैन घरात पाणी गाळूनच प्यावयाचे असते. बालकाच्या हाती गाळणे द्यावे, दुहेरी वस्त्र का लागते ते दाखवावे, भिंगातून पाहू द्यावे आणि जिवाणी सांभाळून मूळ जागी का सोडावयाची, ते सांगावे. लोट्याने मोजून माठ भरला की गणित झाले. मग एके दिवशी पाणचक्कीस न्यावे. डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून येते आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर जाते फिरत असे, हे पाहून मुलाचे डोळे विस्फारतात. खडकी हे नगर वसविणाऱ्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहरी बांधल्या, हा इतिहास तेथेच सांगता येतो. छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, हे मूल पाहतच असते. एक बादली जपून वापरण्याचा पाठ त्याला पुस्तकातून द्यावा लागत नाही.

वेळ हा दुसरा विषय. सामायिकाचा काळ 48 मिनिटांचा, म्हणजे दोन घटिकांचा. वाळूचे घड्याळ समोर ठेवले की शिशूला काळ डोळ्यांनी दिसतो. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्ताची वेळ रोज पाहिली जाते. ती बालकाने भिंतीवरील कागदावर लिहावी. चातुर्मास संपेपर्यंत दिवस लहान होत गेल्याचे त्याला स्वतःलाच कळते.

प्राणी शिकवावयाचे तर चोवीस तीर्थंकरांची लांछने आहेतच: बैल, हत्ती, घोडा, माकड, हरीण, कासव, सर्प, सिंह. मातीचे प्राणी करावेत, नावे पाठ होतात आणि बोटेही वळतात. मुंग्यांची रांग दिसली की भिंग द्यावे, बाटली देऊ नये. जीव न पकडता, त्याची वाट न अडविता पाहणे, हे अहिंसेचे आणि विज्ञानाचे एकत्र शिक्षण आहे. सलीम अली सरोवराच्या काठी किंवा हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर पक्षी पाहतानाही हाच नियम.

सहल म्हणजे केवळ डबे खाऊन येणे नव्हे. वेरूळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटर. तेथील 34 लेण्यांपैकी 30 ते 34 ही जैन लेणी आहेत. मंगळवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवून जावे आणि एका दिवसात सारे दाखविण्याचा हट्ट धरू नये. केवळ 32 क्रमांकाच्या इंद्रसभेत बसावे. भगवान बाहुबलींच्या अंगावर वेली चढलेल्या आहेत. त्या का चढल्या, हे मुलालाच विचारावे. ‘ते हललेच नाहीत म्हणून’ हे उत्तर त्याने स्वतः दिले, की ध्यान या शब्दाचा अर्थ आयुष्यभर पुसला जात नाही. आंब्याच्या झाडाखालील अंबिकादेवी, तिचा सिंह आणि तिचे बाळ यांचे चित्र त्याने तेथेच बसून काढावे.

कापसाचा महिना आणि एक अवघड प्रश्न

या शहरातील अनेक जैन कुटुंबांचा व्यवसाय कापडाचा. म्हणून कापूस हा विषय विस्ताराने सांगणे उचित ठरेल. दिवाळीच्या सुमारास शेतात वेचणी सुरू असते. मुलाने स्वतः बोंडातून कापूस काढावा, बोटांनी सरकी वेगळी करावी. आजीने त्याला फुलवात वळावयास शिकवावी. एका बोंडात किती वाती झाल्या, हे मोजावे. पेळूपासून सूत निघते ते टकळीवर दाखवावे. जुन्या धोतराचा तुकडा भिंगाखाली धरून उभे-आडवे धागे ओळखावेत. हळदीत रंगविलेल्या फडक्यावर साबण लावला की ते लाल होते, हा चमत्कार मुले दहादा करून पाहतात. मग आजोबांनी त्याला दुकानात न्यावे. ताका उलगडावा, मीटरपट्टी त्याच्या हाती द्यावी. त्याच्या उंचीचे कापड किती, आईच्या साडीची लांबी किती, अडीच मीटरचे दोन तुकडे मिळून किती, हे तो मोजील. शहरातील हिमरू आणि पैठणची पैठणी मागावर विणताना पाहिली की हातमागाचा खटका त्याच्या कानात राहतो.

परंतु पैठणी पाहिली की एक प्रश्न येणारच. रेशीम कोठून येते? कोशातून. कोशात कोण असते? अळी. मग तिचे काय होते? अखंड धागा मिळावा म्हणून कोश उकळत्या पाण्यात टाकतात आणि एका साडीसाठी असे हजारो कोश लागतात, हे सत्य त्या क्षणी सांगावे लागते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग आपल्या दुकानात रेशीम का आहे? आईच्या लग्नाचा शालू रेशमाचा का?’

पाच वर्षांच्या बालकाला मुंगीकडे भिंगातून पाहावयास शिकविले असेल, तर हा प्रश्न तो विचारणारच. येथे दटावून चालत नाही, खोटे सांगून तर मुळीच चालत नाही. काही घरांनी रेशीम सोडले आहे, काही पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांचे रेशीम शोधतात, काहींना व्यवसायामुळे ते साधलेले नाही. जे खरे असेल ते सांगावे. ‘हे आपल्याकडून अजून होत नाही’ असे म्हणण्यात आजोबांचा मान कमी होत नाही. शिशूच्या प्रश्नापुढे प्रामाणिकपणे उभे राहण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच घरशाळेस हात घालावा. घरशाळेत परीक्षा बालकाची होत नाही, वडीलधाऱ्यांची होते. वर्गात पन्नास मुलांमध्ये हा प्रश्न विरून जातो. घरात तो जेवणाच्या ताटासमोर येऊन बसतो.

मर्यादा आणि दक्षता

या मार्गाचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला हा की सारे ओझे मातेवर पडते. पिता दुकानात, आजोबा देवदर्शनास आणि आई स्वयंपाक, धुणे, सासू-सासऱ्यांची सेवा करून शिक्षिकाही, असे झाले तर ती घरशाळा अन्याय होय. पित्याने दिवसाकाठी अर्धा तास द्यावा. ऋषभदेवांना राज्यकारभारातून कन्यांसाठी वेळ मिळाला होता. दुसरा दोष, मूल एकटे पडते. भांडणे, रुसणे, वाटून खाणे हे समवयस्कांतच शिकता येते. तिसरा, घराची भिंत समाजाची भिंत होण्याचा धोका असतो. ताराबाई आणि अनुताई पाड्यावर गेल्या, हे विसरता कामा नये. ज्ञान घरात कोंडून ठेवणे हाही एक परिग्रहच आहे.

म्हणून ट्रस्टपुढे एक नम्र सूचना. सभागृह सकाळच्या वेळी बहुधा रिकामे असते. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास ते तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी उघडावे. साधने विकत आणू नयेत. चिंचोके, शिंपले, माती, चिंध्या आणि जुने डबे पुरे. शिकविण्यास आजी-आजोबा असावेत: ज्यांना वाती वळता येतात, रांगोळी येते, हिशेब तोंडी येतो, गोष्ट सांगता येते. आणि त्या खोलीत सभागृह झाडणाऱ्या ताईंच्या मुलालाही जागा असावी. वर्षातून एकदा, कार्तिक पौर्णिमेच्या कचनेर यात्रेत या मुलांना थोडे अंतर पायी चालवावे.

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही, इमारतीची तर नाहीच. देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक भिंतीवर शोभतात. त्याच भिंतीवर खाली, बालकाच्या हाताला येईल अशा उंचीवर, एक काळा फळाही असावा. त्यावर उमटणारी वेडीवाकडी अक्षरे ही शतकमहोत्सवाची पूर्वतयारी ठरेल.